न खाजणारं पुरळ

९ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही ते न फोडताच फेकलं असतंत, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. मी बस डेपोतल्या निवृत्त अनाउन्सरची मुलगी, त्वचारोगाची डॉक्टर. आपण शेवटचं बाबांच्या स्वयंपाकघरात भेटलो होतो.

तुमचा फोन लागत नाही असं नाही. लागतो, तुम्ही ‘हॅलो’ म्हणता, मी ‘मी बोलतेय’ म्हणते आणि तुम्ही ठेवून देता. पुन्हा पुन्हा तेच करण्याइतकी मी कोडगी नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या बहिणीचा पत्ता तुमच्या शिलाईच्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याने दिला. आधी नाहीच म्हणत होता, पण बाबांचं नाव काढल्यावर विरघळला. त्याच्यावर रागावू नका.

काम साधंच आहे. तुम्ही एकदा रक्त तपासून घ्यावं. सोबत माझी चिठ्ठी जोडली आहे. ती कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवलीत की पुढचं ते बघतील, पैसे पडत नाहीत. काळजीचं कारण नाही. विशिष्ट वयानंतर करावी अशी ही तपासणी आहे, इतकंच.

बाबा बरे आहेत. उजव्या कानाची जरा तक्रार आहे, वय झालं की व्हायचंच. हल्ली फार मोठ्याने बोलतात, पण तसे ते आधीही कुठे हळू बोलत होते? चहा उकळला की ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे तुम्हीही ऐकलंच असेल.

मधल्या काळात आपल्यात काही गैरसमज झाले. ते आता उगाळत बसण्यात अर्थ नाही. रक्त मात्र तपासून घ्या.

आपली,
अनाउन्सरांची मुलगी

१७ फेब्रुवारी

बाई,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. साध्या तपासणीसाठी कुणी इस्त्रीवाल्याच्या हातापाया पडत नाही, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही माणसांची मापं घेता, माझंही घेतलं असेल.

तर सरळ सांगते. बाबा बरे नाहीत. ते इस्पितळात आहेत, दोन आठवडे शिरेतून पेनिसिलीन चालणार आहे. त्यांना सिफिलिस आहे, म्हणजे उपदंश. तो कानापर्यंत पोचला आहे. उजव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही, डाव्याने अर्धंमुर्धं. आधी कानात शिट्टी वाजायची, नंतर चक्कर यायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर हीही लिहून दिली तेव्हा मी हसले होते. म्हटलं, ‘माझ्या वडिलांची? कशाला उगाच रक्त काढताय म्हाताऱ्याचं?’ ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्हीच तर आम्हाला सांगता, कुणालाही वगळू नका म्हणून.’ रिपोर्ट आला तेव्हा तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला आणि खिडकी उघडायला उठले.

आता तुमच्याबद्दल. हा रोग एका माणसात कधी राहत नाही, म्हणून मला विचारावंच लागेल. गेल्या वर्षात तुम्हाला नाजूक जागी, किंवा तोंडात, एखादी जखम झाली होती का? तिची खूण अशी की ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही, आणि थोड्या आठवड्यांत ती आपोआप भरते, म्हणून विसरतो. मग अंगावर तांबूस पुरळ येतं, तळहातांवर, तळपायांवर सुद्धा, आणि ते खाजत नाही. कधी ताप येतो, गळ्याशी गाठी येतात, केस जागोजागी विरळ होतात. मग तेही जातं. लोकांना वाटतं, गेलं, सुटलो. लक्षणं जातात, रोग आत राहतो आणि मग जिथे बसायचं तिथे जाऊन बसतो: डोळ्यात, कानात, मेंदूत, हृदयात. बाबांच्या बाबतीत कानात बसला. तुमच्या बाबतीत अजून कुठे बसला नसेल तर इंजेक्शनने संपतो. म्हणून घाई.

कुणाकडून कुणाला आला, हा प्रश्न डॉक्टरने विचारायचा नसतो आणि मी विचारत नाही. एवढंच म्हणते की बाबांचं आयुष्य मला माहीत आहे. आई होती तोवर आई, आणि नंतर तुम्ही. तुमच्या आयुष्याबद्दल मला काही माहीत नाही. तेव्हा तुम्ही स्वतःशी प्रामाणिकपणे आठवून बघा.

पत्र तुमच्या बहिणीच्या हाती पडणार नाही अशी आशा आहे. पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलंय, म्हणजे आधी तेच उघडलं जाईल, पण दुसरा उपाय नाही.

— डॉक्टर

२४ फेब्रुवारी

बाई,

मागच्या पत्रातला शेवटचा मोठा परिच्छेद खोडून टाका. म्हणजे कागदावरून खोडलात तरी चालेल, पण तो मी लिहिला होता हे काही खोडलं जाणार नाही. ‘स्वतःशी प्रामाणिकपणे आठवून बघा.’ हे मी तुम्हाला लिहिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

काय झालं ते सांगते, ते कळण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर बाबांना प्रश्न विचारायला आला होता. हे प्रश्न प्रत्येकाला विचारायचे असतात: संबंध कुणाशी, कधी, किती जणांशी. तो बिचारा हळू बोलणारा. बाबांना ऐकू येईना. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, मॅडम, तुम्हीच विचारता का? लिहून विचारलं असतं, पण त्यांचा चष्मा घरी राहिला होता, आणि चष्मा असता तरी माझं अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या. दुसऱ्या खोलीत न्यावं तर हाताला सलाईन. सहा खाटांचा वॉर्ड, मध्ये पडदा, त्या पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, भिंतीवर टीव्ही चालू. जे मी जुलैमध्ये त्यांच्या घरात, दार लावून, हळू आवाजात विचारू शकले असते, ते मला तिथे ओरडून विचारावं लागलं.

‘बाबा, बाईंच्या आधी किंवा नंतर आणखी कुणाशी संबंध आला होता?’

‘कसला संबंध?’ बाबा म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही. डेपोच्या चारही फलाटांना ऐकू जावं असा आवाज. कुणीतरी टीव्ही बंद केला.

मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांना कळलं. सलाईनच्या नळीकडे बघत ते सांगायला लागले, अख्ख्या वॉर्डला. मार्चमध्ये मी त्यांना बजावलं होतं, त्या घरात एक तर ती येईल, नाही तर मी. तुम्हाला त्यांनी काय कारण सांगितलं मला माहीत नाही, पण कारण मी होते. त्यांनी तुमचं येणं थांबवलं. एप्रिलमध्ये निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सहलीला गेले, घरात बसवेना म्हणून. तिथे एक बाई भेटली. एकदाच. आडनावही विचारलं नाही. मे महिन्यात ते पुन्हा तुमच्याकडे आले, मला न सांगता.

‘तुझ्या आईच्या जागी मास्तरला आणलं म्हणून तू रुसलीस,’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडी तुम्ही अजून मास्तरच, शिलाईच्या मास्तर. ‘मग जिला कुणाच्याच जागी आणायचं नव्हतं, ती बरी वाटली.’

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हतं. नर्सने मान वर न करता सलाईनची बाटली बदलली. मी ‘बरं’ म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले.

म्हणजे रोग तुमच्याकडून आला नाही. त्यांच्याकडून तुमच्याकडे गेला असेल, आणि त्यांना तिथवर मी नेऊन सोडलं. सहलीच्या संयोजकांना फोन केला आहे, त्या बाईंनाही शोधावं लागेल. त्यांच्यापुढे मी काय तोंड घेऊन उभी राहणार आहे, देव जाणे.

आता स्वयंपाकघरातलं. गैरसमज वगैरे काही झाला नव्हता. जुलैमध्ये मी आले तेव्हा बाबा बेसिनपाशी उभे राहून पातेलं घासत होते. आई असताना त्यांनी कधी कपसुद्धा विसळला नाही. मला बघून त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाले, बघ गं, हे काय उठलंय. तळहातांवर तांबूस चट्टे. मी विचारलं, खाजतं का? ते म्हणाले, नाही, अजिबात नाही.

बाई, मी हे शिकवते. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते की तळहातावर पुरळ आहे आणि खाजत नाही, तर आधी रक्त तपासा आणि मग डोकं चालवा. समोर मंत्री असो की भिकारी, मोजे काढायला लावा, तळपाय बघा, आणि ते प्रश्न विचारा. आजवर किती जणांना मोजे काढायला लावले असतील. बाबांना लावले नाहीत. माझं लक्ष ओट्यावर होतं. तिथे भांडी घासायच्या पावडरीचं नवीन पाकीट होतं, तुम्ही आणलेलं. तुमची कुठली तरी गोष्ट या घराला बाधावी म्हणून मी टपूनच बसले होते. निदान आधीच झालेलं होतं, रोगी नंतर आला.

मी म्हटलं, पावडरीची ॲलर्जी आहे, आणि मलम लिहून दिलं. मग तुम्ही आत आलात आणि मी तुम्हाला म्हणाले की तुम्हाला नवरा नको होता, फुकटचा गडी हवा होता, तो मिळाला. शब्द हेच होते, मला पाठ आहेत. तुम्ही पदराला हात पुसले आणि म्हणालात, ‘ताई, त्यांच्या पायांवर पण तसंच उठलंय.’

मी काय म्हणाले? ‘मला शिकवू नका.’

भांड्याची पावडर माणसाच्या तळपायाला कशी लागेल? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. जिना उतरताना पडला. मी थांबलेसुद्धा. पण वर परत जायचं म्हणजे तुमच्यासमोर जायचं. मी खाली उतरले, गाडीत बसले आणि निघून गेले. महिनाभरात चट्टे गेले, ते जाणारच होते, मलमाचा त्यात काही संबंध नाही. बाबांनी फोन करून माझं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

क्षमा मागत नाही. ती मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. रक्त तपासा. माझ्यावर रागावून तपासा, मला शिव्या देत तपासा, पण तपासा. तुमचा एक कानही गेला तर मी कुठे जाऊ?

— अनाउन्सरांची मुलगी

८ मार्च

मावशी,

तुमचं पत्र परवा आलं. ‘मावशी’ म्हणण्याचा हक्क मला नाही, पण ‘बाई’ लिहिताना आता हात अडतो. चालत नसेल तर सांगा.

पत्र अर्ध्या पानाचं आहे आणि मी ते इतक्या वेळा वाचलं की आता घडीवर फाटायला आलंय. म्हणजे तुम्ही सुखरूप आहात. ऑगस्टमध्येच तुमच्या अंगावर उठलं, केस हातात यायला लागले, तुम्ही नगरपालिकेच्या दवाखान्यात गेलात, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारायचं ते विचारलं, रक्त काढलं, इंजेक्शन दिलं. नंतरचं रक्तही चांगलं आलं. हे वाचून मी दवाखान्याच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि रडले. आनंदाने रडले असं लिहिणार होते. तसं नव्हतं.

कारण पुढच्या ओळी होत्या. तुम्ही घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलंत. ‘तुम्ही पण तपासून घ्या म्हटलं. ते म्हणाले, माझ्या मुलीने बघितलंय, ती या विषयातली मोठी डॉक्टर आहे, ते साबणाचं होतं. तुझं काय असेल ते तुलाच माहीत.’ त्या वाक्यासाठी तुम्ही घर सोडलंत. मी मात्र इतके महिने समजत होते की माझ्या बोलण्यामुळे गेलात, आणि खरं सांगू, मला ते बरंही वाटत होतं.

आणि ऑगस्टमध्ये तुम्ही मला केलेले ते दोन फोन. तुम्ही लिहिलंय, ‘तुम्ही रोग्यांत असाल म्हणून उचलला नसेल.’ असं लिहिण्याइतका मोठेपणा तुमच्यात आहे, म्हणून मला खोटं बोलवत नाही. रोगी कुणी नव्हता. मी डबा खात होते. स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं आणि मी फोन उपडा ठेवला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा समोरच्या सहकारी डॉक्टरीण म्हणाल्या, घ्या ना, अर्जंट असेल. मी म्हटलं, वडिलांची कामवाली आहे, पगार मागत असेल.

ऑगस्टमध्ये तो फोन घेतला असता तर बाबांना तुमच्यासारखंच इंजेक्शन पुरलं असतं. दोन्ही कान शाबूत राहिले असते. आता डावा थोडा सुधारलाय, उजवा गेला तो गेलाच.

बाबांना यातलं काही माहीत नाही. म्हणजे तुम्ही त्यांना सांगितलं होतं हे त्यांना माहीत आहे, पण तुम्ही मला लिहिलंत हे माहीत नाही. ते घरी आले आहेत. इमारतीत प्रत्येकाला हात दाखवून सांगतात की मुलीने एका ट्यूबमध्ये बरं केलं. मधून मधून विचारतात, मास्तरचं काही पत्रबित्र? मी म्हणते, पोस्ट हल्ली फार उशिरा येतं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये असतं आणि मी त्यांच्यासमोर बसून हे म्हणते. त्यांना सांगितलं तर त्यांच्या बहिरेपणाचं कारण त्यांची मुलगी आहे, हेही सांगावं लागेल. ते धाडस अजून झालेलं नाही.

तुम्ही विचारलंय, ते आता दारावरची बेल ऐकू शकतात का? नाही. दिवा लागेल अशी बेल बसवून घेतली आहे.

— तुमची

१२ मार्च

मावशी,

सांगितलं.

दुपारी गेले होते. ते खुर्चीत बसले होते, मी त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले. खिडक्या लावून घेतल्या, कारण हळू सांगता येणार नव्हतं. मी म्हणाले, बाबा, तुमच्या हातावरचं ते साबणाचं नव्हतं. तोच रोग होता. मला ओळखायला हवा होता, मी ओळखला नाही. ते म्हणाले, काय? मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, काय म्हणालीस? तिसऱ्यांदा मी शब्द न शब्द तोडून सांगितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

मग मी तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं. वाचून झाल्यावर घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं, मला परत दिलं नाही.

मी म्हणाले, तुमचा कान माझ्यामुळे गेला. मला वाटलं होतं, ते रागावतील, किंवा ‘जाऊ दे गं’ म्हणतील. दोन्हींची तयारी करून गेले होते.

ते म्हणाले, ‘मास्तरने सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं. सहलीतलं मला ठाऊक होतं, तुला थोडंच ठाऊक होतं? पण तू साबण म्हणाली होतीस. मला साबणच हवा होता.’

दोघांनाही साबणच हवा होता आणि त्याची शिक्षा तुम्हाला झाली. हे मी तिथे बसून पहिल्यांदा इतकं स्पष्ट पाहिलं. आम्ही बाप-लेक एकमेकांवर किती विश्वास ठेवतो याचा मला फार अभिमान होता.

निघताना मी औषधं कुठे ठेवली आहेत ते सांगितलं. मी दारापर्यंत आले होते. इतक्या दिवसांत त्यांचा हळू आवाज मी ऐकलाच नव्हता, पण तेव्हा ते अगदी हळू, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने म्हणाले, ‘काही दिवस तू येऊ नकोस.’

मी बरं म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नसेल, माझी पाठ होती.

ते तुमच्याकडे यायचं म्हणतात. इस्त्रीवाल्याला गाड्यांचं वेळापत्रक विचारत होते, असं त्याने मला फोनवर सांगितलं. जन्मभर दुसऱ्यांना गाड्या सांगितल्या, आता स्वतःची विचारताहेत. तुम्ही दार उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी त्यात एक शब्द बोलणार नाही. बोलण्याचा माझा कोटा संपलेला आहे.

फक्त एक. तीन महिन्यांनी त्यांचं रक्त पुन्हा तपासावं लागतं, आणि कानाच्या डॉक्टरांनाही दाखवायचं आहे. ते स्वतःहून जाणार नाहीत, चांगलं वाटतंय म्हणतील. कुणीतरी हात धरून न्यावं लागेल, आणि डॉक्टर जे विचारतील ते त्यांच्या डाव्या कानात सांगावं लागेल. आतापर्यंत हे काम माझं होतं.

तुम्ही न्याल का?